‘प’पर्यंतचा इंजिनिअर

४ जानेवारी
बांधकाम परिभाषा कोशाची पहिली प्रुफं आज घरी आणली. छापखान्याच्या मालकांनी हे काम मलाच दिलं. बाकीचे मुद्रितशोधक नुसत्या वेलांट्या बघतात, मी अर्थही बघतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. (मालक म्हणाले, बाकीचे दोघं रजेवर आहेत. ते वेगळं.)
संकल्प: नुसतं तपासायचं नाही, शिकायचं. कोश संपेल तेव्हा मी निदान अर्धा इंजिनिअर झालेला असेन. घरात एक तरी जाणता माणूस हवा. आत्तापर्यंत ते खातं दादाकडे आहे. वडिलांनी बांधलेलं दुमजली घर, खाली आम्ही नवराबायको, वर दादा-वहिनी. पण टाकी कुठे बसवायची, रंग कोणता द्यायचा, फाटक आत उघडायचं की बाहेर, सगळं वरून ठरून येतं. दादा मोठा आहे, मान्य. पण मीही आता बावन्न वर्षांचा आहे.

१२ जानेवारी, सकाळ
स्वर संपले. ‘क’ चालू. कमान, कैची, कोनाडा, कोबा. नाश्त्याच्या वेळी बायकोला कोबा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, ज्यावर तुम्ही आत्ता चहा सांडलात तो, आणि फडकं तिकडे आहे.
एक फार उपयोगी शब्द सापडला: काचपट्टी. भिंतीला भेग पडली की तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवायची. काच फुटली तर भेग वाढते आहे. नाही फुटली तर भेग जुनी, झोपलेली. किती सोपं आहे. आपल्या घरात एकही भेग नाही याचं जरा वाईट वाटलं.

१९ जानेवारी
‘ख’ उरकला. ‘खचणे’ हा शब्द दोनदा आला होता, एक उडवला.

३ फेब्रुवारी
‘ज’. जोतं. दादाला जिन्यात गाठून सांगितलं की आपल्या घराचं जोतं दीड वीत तरी कमी आहे. तो म्हणाला, वडिलांना तेव्हाच सांगायचं होतंस. मग भाजीची पिशवी घेऊन वर गेला. म्हणजे मुद्दा पटलाय, फक्त कबूल करवत नाही.

२३ फेब्रुवारी
आज डोळे उघडले. ‘प’ आला. पडदी: एका खोलीचे दोन भाग करणारी पातळ भिंत. हिच्यावर भार नसतो. काढल्यास इमारतीस बाधा येत नाही.
मान वर केली तर समोर तीच. बाहेरची खोली आणि मधली खोली यांच्या मध्ये. वीस वर्षं आम्ही दोन कोंदट खोल्यांत कोंबून घेतलंय, आणि कारण काय, तर एक पडदी. ती काढली की केवढा हॉल होईल.
बायको म्हणाली, त्या भिंतीच्या कोनाड्यात आपला रेडिओ आख्खा मावतो, ती पातळ कशी. मी म्हटलं, कोनाडा ‘क’मध्ये येतो, तो माझा कधीच झालाय.
भिंत वाजवून पाहिली. पडदीचा आवाज कसा असतो ते कोशात दिलेलं नाही, पण असाच असणार.

२ मार्च
दादा-वहिनी आठवडाभर वहिनींच्या भावाकडे गेलेत. योग चालून आला. ते परत येईपर्यंत हॉल तयार. दादा दारातच थबकेल, इकडेतिकडे बघेल आणि म्हणेल, बरं केलंस. आजवर एकदाही म्हणालेला नाही. मला ते ऐकायचं आहे. रोजनिशीत खोटं कशाला लिहू, हॉलपेक्षा मला तेच जास्त हवंय.
गवंडी येऊन बघून गेला. त्याने विचारलं, वर काय आहे. म्हटलं, वर दादा. तो म्हणाला, बरं. पुढे काही विचारलं नाही. माझ्या बोलण्यात परिभाषा इतकी होती की विचारणार तरी काय.

५ मार्च
भिंत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. मग उलट. मग पुन्हा. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणते धुळीने. रेडिओ तूर्त खाली जमिनीवर.

९ मार्च
दादा आला. दारात थबकला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. म्हणाला, भिंत? म्हटलं, काढली, पडदी होती. तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिला. या खोलीचं छत इतकं नीट दिसतं हे आधी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.
‘बरं केलंस’ काही म्हणाला नाही. प्रवासाने थकला होता.

१४ मार्च
वहिनींच्या तक्रारी सुरू. न्हाणीघराचं दार लागत नाही. कपाट लावलं तरी आपोआप उघडतं. मी वर जाऊन समजावलं की लाकूड फुगतं. दादा म्हणाला, टेबलावर पेन ठेवलं की एकाच बाजूला घरंगळतं. पेन बदलून बघ, म्हटलं. घरात बदल झाला की काही जणांना तो सोसत नाही, दुसरं काय.

१७ मार्च
खूशखबर. हॉलच्या छताला भेग सापडली. केसाएवढी, गिलाव्याची. स्टुलावर चढून काचपट्टी लावली. दादाला बोलावून दाखवलं. झोपलेली भेग आहे, म्हटलं. तो म्हणाला, एखादा इंजिनिअर बोलावू या का. मी म्हटलं, दादा, मी काय करतोय मग.

१८ मार्च
काच फुटली. बायकोने दार आपटलं असणार. ती म्हणते ती बाजारात होती. दुसरी लावली.

२० मार्च
दुसरी फुटली. हवामान. तिसरी लावली.

२१ मार्च
तिसरी. काचच निकृष्ट. दुकानदाराशी भांडून आलो. त्याने विचारलं, एवढ्याएवढ्या पट्ट्या कशाला लागतात. म्हटलं, तुम्हाला कळणार नाही.

२२ मार्च
आज काच लावली नाही. फुटलीही नाही. सुधारणा आहे.

२५ मार्च, सकाळी सात
छापखान्यातून ‘भ’चा गठ्ठा आला. उघडला नाही. डोळ्यांना विश्रांती हवी.

त्याच दिवशी, दुपार
बसवत नाही. हॉलमध्ये फेऱ्या घालतोय. मोठ्या हॉलचा हा एक फायदा. बायको म्हणाली, भेगेखालून फेऱ्या नका घालू. मी मुद्दाम भेगेखालून घातल्या. दोनच घातल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळ
उघडला. भारवाहक भिंत: वरच्या मजल्याचा भार पायापर्यंत नेणारी जाड भिंत. हिच्यात कोनाडे असू शकतात. काढू नये.
समासात शेरा मारला: ‘व्याख्या संदिग्ध. लेखकांनी पुन्हा तपासावी.’
जेवण गेलं नाही.

२८ मार्च
लेखकांचं उत्तर आलं. व्याख्या बरोबर आहे. ‘काढू नये’ ठळक टाइपात घ्यावं.

३० मार्च
दादाने मला न विचारता इंजिनिअरबाई आणल्या. बाईंनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, हे कोणाच्या सल्ल्याने काढलं. मी परिभाषेत सुरुवात केली. त्या म्हणाल्या, आधी सगळे बाहेर उभे राहा, मग बोला.
संध्याकाळपर्यंत हॉलभर लोखंडी टेकू उभे राहिले. आता फेऱ्या घालायच्या तर वळणं घेत घालाव्या लागतात. वहिनी दुपारीच पिशवी भरून भावाकडे गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. कोशाला मी जबाबदार आहे का? ‘भ’ आधी आला असता तर हे झालंच नसतं. क्रम लावणाऱ्याची चूक आहे.

१ एप्रिल
दादा ओरडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. चांगली उत्तरं होती. तो ओरडलाच नाही. त्यामुळे दोन दिवस नुसता आतबाहेर करतोय, कशात लक्ष लागत नाही.

५ एप्रिल
दादाने गावाच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली. वहिनींना इथे झोप लागत नाही, पंख्याचा आवाज आला तरी दचकून उठतात म्हणे. आज सामान हललं. कपाट जिन्यातून उतरवताना एक बाजू मी धरली. वळणावर दादा एवढंच म्हणाला, पाय सांभाळ. वडील गेल्यापासून तो मला असंच म्हणतो, रस्ता ओलांडतानासुद्धा. मी कपाट खाली ठेवून मागच्या अंगणात गेलो आणि रडलो.
टेम्पो निघताना त्याला म्हटलं, हे तात्पुरतं आहे. तो म्हणाला, हं.

१२ एप्रिल
इंजिनिअरबाई मापं घ्यायला आल्या. म्हणाल्या, दोन मार्ग आहेत. वर कोणी राहणार नसेल, सामान नसेल, तर लोखंडी तुळई टाकून भागेल. हॉल असाच मोकळा राहील, टेकू जातील, छान दिसेल. राहणार असतील तर मात्र भिंत होती तिथे, होती तेवढीच जाड, परत घालावी लागेल. वर कोण राहतं?
म्हटलं, दादा आणि वहिनी.
बायकोने माझ्याकडे पाहिलं. कालच ती वहिनींना नव्या जागेत पडदे लावायला मदत करून आली आहे. बाई म्हणाल्या, मी तर ऐकलं ते गेले. म्हटलं, येतील. त्या म्हणाल्या, नक्की सांगा, एकदा भिंत आली की हॉल विसरा. मी म्हटलं, घाला भिंत. मुळात तिथे भिंत असावी असंच माझं पहिल्यापासून मत आहे. बायको उठली. चहा टाकायला गेली.
संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, आमच्यासाठी कशाला हॉल घालवतोस. म्हटलं, ते सोड, येताय कधी. तो म्हणाला, तुझी वहिनी नाही म्हणते. आता इथेच बरं वाटतं तिला.
म्हटलं, काही घाई नाही. गिलावा वाळायला तसाही वेळ लागतो.