खुर्चीवरचं फाटक

सोमवार, ३ तारीख

पडदा ओढायला आलो आणि मिळाली खुर्ची!

हौशी कलाकारांचा आठवडाभराचा महोत्सव. मला वाटलं, दोर, दिवे, पळापळ — मजा. तर पोरांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या नर्सबाई (निवृत्त झाल्या, पण हुकूम सोडायची सवय गेली नाही) म्हणाल्या, "तू मुलांच्या खोलीच्या दारात बस. हलायचं नाही." मी! चौथीच्या बाकावर ज्याचं बूड टेकत नव्हतं म्हणून शाळा सुटली, त्याला!

काम सोपं. एका चिठ्ठीचे दोन तुकडे. एक पोराच्या गळ्यात, दुसरा आणून सोडणाऱ्याकडे. न्यायला येईल त्याने तुकडा दाखवायचा, आकडा जुळला की पोर द्यायचं. आत मोठ्या माणसाने एकट्याने जायचं नाही, फोटो काढायचा नाही. यादी भिंतीवर आहे, आठ नियम. वाचायला मला अर्धा तास लागला.

आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. तुकडे हरवतील म्हणून दोन्ही जोडून पोरांच्याच गळ्यात घातले. नर्सबाई बघतच राहिल्या. "अरे शहाण्या, कुलूप लावलंस आणि किल्ली त्यालाच टांगलीस!"

मंगळवार, ४

ताईचा फोन. "ही नोकरी किती दिवस? शनिवारी पळशील बघ." सख्खी बहीण की वैरीण! म्हटलं, रविवारी शेवटचा पडदा पडेपर्यंत हलणार नाही. बोलून बसलो.

बुधवार, ५

पाठ दुखते. बसून!

आज खुद्द महोत्सवाच्या अध्यक्षांना अडवलं. एकटेच आत निघाले होते.

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो ना. पण एकट्याने नाही."

आतून पोरांनी टाळ्या पिटल्या. तेव्हापासून माझं नाव फाटक. अध्यक्षांच्या कपाळावरची शीर मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

नाटकवाले सर म्हणजे सोन्यासारखा माणूस. मागायच्या आत तुकडा पुढे करतात, वर मला चहा आणून देतात. त्यांच्या नाटकात ससा झालेला एक मुलगा आहे, दहाएक वर्षांचा. त्याची आई कारखान्यातून उशिरा सुटते, म्हणून तिने आपला तुकडा सरांनाच देऊन ठेवलाय. घरी तेच सोडतात. ससाही गुणी! सर दारात दिसले की हाक मारायच्या आधीच उठतो, मान खाली घालून चालू लागतो. सगळी पोरं अशी असती तर!

गुरुवार, ६

आज अब्रू गेली.

एक फुलपाखरू, पाच वर्षांचं. आजोबा न्यायला आले. तुकडा बरोबर, आकडा बरोबर. पण पोरगी उठेना. नुसती बसलेली, ओठ घट्ट मिटून. मी पाय आडवा घातला. म्हटलं, "नाही सोडत."

"अहो, तिचं नाक बघा! माझंच आहे!" आजोबा ओरडले. नाक खरंच तेच होतं. तरी मी ढिम्म. गर्दी जमली, अध्यक्ष आले. नर्सबाई मात्र फुलपाखराशेजारी फरशीवर बसल्या आणि हळूच विचारलं. तर म्हणे, "आजोबा रस्त्यात पंख काढायला लावतात!"

सगळे हसून गडाबडा लोळले. पंख न काढायचं वचन घेऊन फुलपाखरूबाई उठल्या.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "अजून एक तक्रार आली तर ही खुर्चीही जाईल आणि तूही."

नर्सबाईंनी पेन काढलं आणि यादीखाली लिहिलं — नऊ. मूल आपणहून उठल्याशिवाय सोडायचं नाही. मला म्हणाल्या, "कारण तू विचारू नकोस. ते मी विचारीन. तू फक्त दार धर."

शुक्रवार, ७

पोरांना खेळणंच मिळालं! "फाटक, आम्ही उठत नाही!" एकेकीची आई हात जोडते तेव्हा कुठे स्वारी उठते. सर हसले, "डोक्यावर चढवलंस रे पोरांना." अध्यक्ष लांबून बघत होते. हसले नाहीत.

दुपारी ससा माझ्या खुर्चीला टेकून उभा राहिला. एरवी एक शब्द बोलत नाही.

"उठलं नाही तर खरंच नाही पाठवत?"

"नाही."

"आकडा जुळला तरी?"

"तरी."

"कुणीही आलं तरी?"

"अध्यक्ष आले तरी!" मी मिशीवर ताव मारला. मिशी नाही, पण मारला. तो हसला नाही. कागदाचा वाकलेला कान सरळ करत राहिला. मग सर आले आणि तो रोजच्यासारखा उठून गेला.

ताईला कळवलं, अजून पळालो नाही.

शनिवार, ८

सर आले. तुकडा पुढे केला. आकडा जुळला.

ससा उठला नाही.

सर म्हणाले, "चल रे, फाटकाची गंमत पुरे." मागे अध्यक्ष उभे होते. ससा माझ्याकडे बघत होता.

मी खुर्ची सोडली, दारात आडवा उभा राहिलो आणि नर्सबाईंना हाक मारली.