जनीचं नाव

मिरजोळे, ता. १४ जून १९३१

ती. दादांस विमलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मैनाला चार दात आले आणि कडकडून चावते. मामावर गेली म्हणायची.

दादा, एक सांगते, हसू नका. परवा पेज ढवळताना छाती एकदम धडधडायला लागली, आणि माझेच हात मला परके वाटायला लागले. चूल, मैना, सासूबाई, सगळं समोर होतं, पण खरं वाटेना. मैना रडत होती आणि मी नुसती बघत उभी. थोड्या वेळानं उतरलं. आता असं वरचेवर होतं. मला वेड लागतंय का हो? सासूबाई भगताला बोलावणार म्हणतात.

दोन ओळींची वाट बघणारी,
विमला

मुंबई, ता. २८ जून १९३१

चि. सौ. विमलास अनेक आशीर्वाद.

खोली बदलल्यामुळे तुझं पत्र आज मिळालं. वेडी तू लहानपणापासूनच आहेस, पण हे वेड नव्हे गो. मलाही गोदीत असंच झालं होतं. गोणी उचलताना वाटलं, हा महिपत कोणी दुसराच, मी लांबून बघतोय. मरतो की काय असं झालं. डॉक्टर म्हणाला, जीव फार घाबरला की असं वाटतं. माणूस मरत नाही, वेडा होत नाही, आपोआप उतरतं. तसं झालं की काहीतरी घट्ट धर आणि आपलं नाव मोठ्यानं घे. भगताला उंबऱ्याच्या आत घेऊ नको. मीच आलो असतो, पण पावसामुळे बोटी बंद, आणि रजा मागितली तर मुकादम कायमचीच देईल. इथं नुसता जीव तुटतो.

मैनाला मामाची पापी.
महिपत

मिरजोळे, ता. ९ जुलै १९३१

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, पण भगत आधीच येऊन गेला. केस धरून विचारत होता, तू कोण. मी म्हटलं, विमला. तो म्हणाला, खोटं, खरं नाव सांग. सोडीचना. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी जनीचं नाव घेतलं. जनी म्हणजे ह्यांची पहिली बायको, बाळंतपणात गेली ती. त्यानं लगेच केस सोडले. मला वाटलं, सुटले.

सासूबाई म्हणाल्या, जनी मुलाचं तोंड न बघता गेली, ती हे मूल नेणार. मैनाला नणंदेकडे संगमेश्वरला पाठवली. दूध दाटतं हो दादा, रडू आवरत नाही. ह्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, मग जनीचं नाव तुझ्या तोंडून आलं कसं?

काल पुन्हा तसं झालं. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. खांब घट्ट धरला आणि ओरडून म्हटलं, मी विमला, मैनाची आई. खरंच उतरायला लागलं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी ह्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, ऐक, जनी आता विमलाचं नावसुद्धा घ्यायला लागली.

माया आटू देऊ नका.

तुमची,
विमलाच