चावी ओळखत नाही

६ फेब्रुवारी, गुरुवार
स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही! दिवसभर पेणला, पुंडलिकच्या गॅरेजात. गाडीचा कॉम्प्युटर जळला, म्हणून त्याने भंगारातल्या तसल्याच गाडीचा आणून बसवला. नंबर जुळतोय, म्हणाला. मग फ्यूज बघितले, पेट्रोल येतंय का बघितलं, अर्थिंगची वायर घासून परत लावली. नुसतीच घरघर. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो.

एसटीने गागोद्याला आलो. बायकोला, वनिताला, नववा महिना चाललाय. मागच्या खेपेला गाडी शोधेपर्यंत उशीर झाला आणि बाळ गेलं. म्हणून तर ही घेतली. जुनी का होईना, दारात उभी असावी म्हणून.

७ फेब्रुवारी
गाडी आजही सुरू नाही झाली.

८ फेब्रुवारी
पुंडलिकने पनवेलहून स्कॅनरवाला बोलावला — नितेश. लॅपटॉप जोडून म्हणाला, "पार्ट चांगला हाय. पण त्याला आधीच्या गाडीची चावी म्हायती हाय, तुमची नाय. तुम्हाला चोर समजतोय तो." दोघांची ओळख जुळवावी लागेल, म्हणून चावी आणि कॉम्प्युटरचा डबा दोन्ही घेऊन गेला. मंगळवारपर्यंत देतो म्हणाला. म्हणजे तोवर गाडी नाहीच. आणि नंतर तरी भरवसा काय? भर रस्त्यात बंद पडली तर?

जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी
सकाळी वनिता पिशवी भरून ओट्यावर बसलेली. तारखेला अजून दोन आठवडे आहेत, म्हटलं. म्हणाली, "मला गाडीच्या भरवशावर ठेवू नका. दर्शनाताईंकडे न्या."

दर्शनाताई, माझी मोठी बहीण, रोह्यात राहते, हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत. पेणपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. पेण मागे पडलं तेव्हा तिने माझा हात धरला, तो रोह्यापर्यंत सोडला नाही. पोरगं आज फार हलत नाय, एवढंच बोलली. स्टेशनवरून ताईकडे न जाता थेट हॉस्पिटलला गेलो.

१० फेब्रुवारी
मुलगी! दोघी बऱ्या आहेत. कालच ऑपरेशन केलं. बाळाचे ठोके मंदावले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज आला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

गाडी सुरू झाली असती तर आम्ही कळांची वाट बघत गागोद्यालाच बसलो असतो.