यांच्या नावावरचं रक्त

२ मार्च, पहिला रोजा

झाला बाई एक! पहाटे सेहरीला आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढंच खाल्लं आणि दिवसभर लॅबमध्ये उभी. येणाऱ्या प्रत्येकाला विचारते तसं एका आजोबांना विचारलं, "उपाशी पोटी आलात ना?" तर म्हणतात, "आणि तुम्ही?" हसूच फुटलं. एकवीस जणांचं रक्त काढलं, कुणालाही दोनदा टोचावं लागलं नाही. दुपारी दोनला बोटावरच्या यंत्रात माझी साखर ९६. मस्त!

३ मार्च

९१. डोकं ठणकलं. चहा हवा होता त्याला, दुसरं काही नाही.

६ मार्च, पाचवा रोजा

डॉक्टरीणबाईंनी आज पुन्हा अट ऐकवली — "सत्तरच्या खाली गेली की त्या क्षणी रोजा सोडायचा. आणि यंदाचे रोजे तिथेच संपले. कबूल?"

कबूल म्हटलं. म्हणायला काय जातंय! अकराव्या वर्षापासून धरतेय मी. बाळंतपणात, अडचणीच्या दिवसांत जे राहिले ते एकेक करून नंतर भरून काढले. एकही बाकी नाही. मधुमेह मागच्या वर्षी पाहुण्यासारखा आला आणि आता घरात कारभार करायला निघालाय. मला नाही चालायचं. आज ८२.

संध्याकाळी हे दुकानातून आले, हाताला शिलाई मशीनचं तेल तसंच. मी साबण पुढे केला. "आकडा किती?" हे रोजचंच. बरा म्हटलं.

९ मार्च

७४. कुणाला सांगितलं नाही.

११ मार्च, दहावा रोजा

आज जे केलं ते लिहून टाकते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

दोनला बोटावर ६६ आला. मनाशी म्हटलं, यंत्रातली ही पट्टी खोटं बोलते. पट्ट्या बोलतातच कधीकधी. लॅबमधलं मोठं मशीन काय म्हणतं ते बघू. पण मोठ्या मशीनवर लावायचं तर नाव हवं, आणि माझं नाव डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर लगेच दिसणार. म्हणून डाव्या हातातून स्वतःच रक्त काढलं आणि नळीवर यांचं नाव घातलं. एवढी वर्षं इथे काढली, कधी कुणाची चिठ्ठी कुणाच्या नळीला लागू दिली नाही. आज मुद्दाम लावली!

मशीन म्हणालं ५४.

आणि मी विसरले काय? आकडा धोक्याचा आला की काउंटरवरून पेशंटला ताबडतोब फोन जातो. तिथे बसणाऱ्या आमच्या नियमबाई तर त्यात एक मिनिटही घालवत नाहीत. यांचा नंबर त्यांच्याकडे आहेच. हात पुसत बाहेर आले तर म्हणतात, "तुमच्या मिस्टरांना कळवलं हो! घाबरू नका, दुकानातून घरी जाऊन लगेच साखरपाणी घेतो म्हणाले."

यांनीही लहानपणापासून एक रोजा मोडला नाही. माझ्या आकड्यासाठी यांचा मोडला!

पर्स तिथेच टाकून घरी पळाले. दोन गल्ल्या तर आहेत, पण भिंत धरत धरत गेले. घामाने चिंब. हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले, समोर रिकामा ग्लास. डोळे भरलेले. मला बघून म्हणतात, "माझी साखर चौपन्न म्हणे गं. रक्त कधी दिलं तेही आठवेना, आणि मला तर काही होतच नव्हतं."

सगळं सांगितलं. एका दमात.

"म्हणजे साखर तुझी खाली गेली आणि प्यालो मी?"

"हो."

"आणि तू काय घेतलंस?"

"काही नाही."

ताडकन उठले. एवढं रागावलेलं मी यांना आमच्या लग्नात जेवण कमी पडलं तेव्हाच पाहिलं होतं. ग्लासात साखर अशी ओतली की चमचा उभा राहील. माझ्या ओठाला लावला आणि संपेपर्यंत हलले नाहीत. "माझा एक दिवस मी ईदनंतर भरून काढीन," म्हणाले, "तू गेलीस तर कुठून भरून काढू?"

मी रडले. लाज वाटली, भीतीही वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

१२ मार्च

डॉक्टरीणबाईंना जाऊन कबूल केलं. नियमबाईंसमोरच! दोघींनी मिळून सोलून काढलं. नोकरी राहिली, एवढं बरं. यंदाचे रोजे बंद. त्याबदल्यात रोज एका माणसाला जेवू घालायचं. तीही अल्लाची इबादतच आहे, ठाऊक आहे मला. तरी दुपारी डबा उघडला तेव्हा घास फिरत राहिला.

यांचा रोजा चालू. पहाटे मी नुसती सोबत बसले. हे खाता खाता म्हणाले, "माझ्या नावावर खोटा आकडा लागलाय. एकदा खरा लाव बघू." काय तरी खूळ! म्हटलं, उद्या दुपारी या.

१३ मार्च, बारावा रोजा

आले बरोबर दोनला. बाही वर करून रुबाबात बसले. नळीवर यांचं नाव, आत यांचंच रक्त. चिठ्ठी तीनदा वाचून लावली.

२८६.

पुन्हा लावलं. २८४. सकाळपासून उपाशी माणूस!

नियमबाईंनी फोनकडे हात नेला. मी धरला. हे रक्त देऊन घरी गेले होते, तिथे मीच जाऊन सांगितलं: आता यांचेही रोजे बंद.

सेहरीसाठी लावलेला पहाटेचा गजर आत्ताच दोघांनी मिळून बंद केला.