आईच्या मित्राचा फोटो

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आई फोनकडे बघून हसते. स्वयंपाकघरात, एकटीच! बाबा गेल्यापासून तिचं असं हसणं ऐकलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "प्रेमसिंग हायेत. फेसबुकवरच्या बागेच्या ग्रुपमधले. गुलाबावरच्या किडीचं सांगून राहिलेत."
किडीवर एवढं हसू?

४ नोव्हेंबर
चोरून त्याचा फोटो पाहिला. पांढरा शर्ट, रुबाबदार मिशी, मागे निळा समुद्र. म्हणे जवळा बाजारला बियाण्याचं दुकान आहे. तिथं समुद्र कधी आला?

५ नोव्हेंबर
ऑफिसातल्या श्रेयसनं शिकवलं. शब्द टाकायचे नाहीत, फोटोच शोधायला टाकायचा. रंग, रेघा, आकार जुळवून तोच फोटो जिथं जिथं असेल ती पानं समोर येतात. कापलेला, लहान केलेला असला तरी बहुतेकदा सापडतो. आधी माझाच टाकला. मी सापडले नाही, साडी सापडली — सुरतच्या दुकानात, तीन रंगांत.

मग प्रेमसिंग टाकला. तोच समुद्र, तीच मिशी! एकीकडे दातांचा डॉक्टर, दुसरीकडे विमा एजंट, तिसरीकडे तेल लावून केस वाचलेला गृहस्थ. जाहिरातीसाठी विकत मिळणारा फोटो. खूप हसले. मग लक्षात आलं — आईला कुणीतरी फसवतंय.

त्याला मेसेज टाकला, "पोलिसात देईन."
उत्तर आलं, "बराबर आहे, ताई. पण आधी आईला विचारा."

६ नोव्हेंबर
विचारलं. आई पोळ्या लाटायची थांबली नाही.
"ठाऊक हाय मला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. भाच्यानं टाकला व्हता तो फोटो. खरं तर टक्कल हाय त्यांना."
"मग बदलला काहून न्हाई?"
"मीच म्हणलं, राहू द्या. खरा चेहरा दिसला तर आपल्या वसमतमधी कुणीतरी ओळखंल, लोक नावं ठेवतील. मग बोलणंच बंद करावं लागंल."
तव्यावरची पोळी करपली. आईनं तीच मला वाढली.

७ नोव्हेंबर
प्रेमसिंगांना 'चुकलं माझं' लिहिलं. उत्तरादाखल गुलाबाचा फोटो आला. तो शोधून पाहिला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
ते घरी आले. टक्कल आहे, खरंच. "या काका, बसा," म्हटलं.
आईनं मला आत बोलावलं. हळूच म्हणाली, "त्यांना काका म्हणू नको."