व्हर्डीनं माझे पाय धुतले

लॉनी,

तुरुंगातलं जेवण पोटात जातंय ना? काल डोंगरावरच्या आपल्या चर्चात पाय धुण्याचा रविवार होता. येशूनं शिष्यांचे धुतले तसे आपल्यात बायका बायकांचे धुतात. मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले होते. तर व्हर्डी घमेलं घेऊन थेट माझ्यापुढं गुडघ्यावर बसली. तू विकलेल्या नशेच्या गोळ्या खाऊन जिची पोर मेली, तीच व्हर्डी.

मी म्हटलं, "ऊठ गं बाई, लोक बघतायत."

"बघू देत. मोजे काढ, पाणी गार होतंय."

तिनं टाचेच्या भेगासुद्धा चोळून धुतल्या आणि काहीच मागितलं नाही. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

तुझ्या ट्रकमध्ये ती गोळ्यांची पिशवी मी पाहिली होती. पोलिसांना मात्र 'काही पाहिलं नाही' म्हणाले. गुरुवारी कोर्टात खरं सांगणार आहे. हे पत्र तुला पाठवणार नाही. पाठवलं तर तू फोनवर रडशील आणि मी पुन्हा खोटं बोलेन.

शिक्षा झाली की दर शनिवारी येईन. तू मला भेटायला नाही म्हणालास तरी वेळ संपेपर्यंत तिथंच बसेन.

तुझी आई