वाण क्रमांक चार

६ नोव्हेंबर १९९३
बिटाची पेरणी झाली. राई गावात, दशरथच्या वाडीत, अगदी खाडीलगत. सहा वाण, सहा ओळी. वाणांना नावं नाहीत, नुसते नंबर. नावांचं सीलबंद पाकीट आमच्या बियाणं कंपनीच्या गोरेगावच्या ऑफिसात, साहेबांच्या कपाटात. पानांवर ठिपक्यांचा रोग कोणत्या वाणावर किती पडतो ते दर शनिवारी बघायचं आणि मार्क द्यायचे. ० म्हणजे स्वच्छ, ९ म्हणजे करपून गेलं. इथली दमट हवा रोगाला मानवते म्हणून ही जागा निवडली, आणि मी भाईंदरला राहतो म्हणून मला. सत्तावीस वर्षं डिस्पॅचला काढल्यावर. रिपोर्ट चांगला गेला तर फील्ड सुपरवायझर करू, असं साहेब म्हणालेत. करतीलच.
संकल्प: रोज पाचला उठणे. सिगारेट बंद. हिला जाऊन आठ महिने झाले. त्यातून मी पूर्ण बाहेर आलोय, हेही एकदा लिहून टाकतो.

७ नोव्हेंबर
साडेआठला उठलो. रविवार धरायचा नसतो.

२७ नोव्हेंबर
चौथी ओळ सगळ्यांत सरस. पानं काय, देठ काय. मनातल्या मनात त्या वाणाला नाव दिलं, संपदा. उभ्या संसारात हिला नावाने हाक मारली नाही, 'अगं'वर भागवलं. आज ओळीशी उभा राहून एकदा नाव घेऊन बघितलं. दशरथ पाणी सोडत होता, त्याने मान वर केली. मी खोकलो.

११ डिसेंबर
चौथ्या ओळीत तिसऱ्या रोपावर एक ठिपका. गोल, मध्ये राखाडी, कड लालसर. चिखल उडाला असणार. थुंकी लावून पुसला. जात नाही. चिवट चिखल आहे. मार्क ०.
वाकलो होतो तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "बघा ना जरा." मागे कोणी नव्हतं. खाडीवरून वारा येतो, त्यात काहीही ऐकू येतं. ही तसं म्हणायची हे खरं, पण तसं सगळ्याच बायका म्हणतात.

१८ डिसेंबर
कंपनीच्या सूचनापत्रात कलम सात: कोणतेही पान तोडू नये. तोडलं नाही. पान म्हातारं झालं होतं, आज ना उद्या गळलंच असतं. मी फक्त हात लावला. अशी चार पानं गळली. बाकीच्या ओळींना २ आणि ३ मार्क. चौथीला ०.

२५ डिसेंबर
चौथीची एकोणीस पानं गळली. तिथे टाकली तर दशरथ बघेल, म्हणून खिशात घालून घरी आणली. क्षितिजाने शर्ट न बघता भिजत घातला, तिचे दोन पंजाबी ड्रेस गुलाबी झाले. मुलगी आईवर गेलीय, ओरडत नाही, नुसती बघत राहते. मग म्हणाली, "बाबा, आई त्या गाठीबद्दल पहिल्यांदा कधी बोलली होती?" म्हणालो, शेवटी शेवटी, जानेवारीत. किती वेळा सांगायचं. टीव्हीचा आवाज वाढवला.

८ जानेवारी १९९४
दशरथने विचारलं, "साहेब, त्या वळीत कोनाशी बोलता?" हिशेब करतोय म्हणालो. तो म्हणाला, त्याची आय गेली तेव्हा तो पण वालाच्या वाफ्यात बोलायचा, यात लाजायसारखा काय न्हाय. हिशेबच करतोय, असं पुन्हा सांगितलं. अडाणी लोक, सगळ्यात भूत बघतात.
आज आवाजाबरोबर बांगड्याही. अगदी पाठीशी, हात लांबवला तर लागेल इतक्यावर. नियम केला: मागे वळायचं नाही. भीती म्हणून नाही. वळलो आणि कोणी नसलंच, तर मग काय करायचं?
पानं एकतीस. मार्क ०.

१५ जानेवारी
रिपोर्ट टाइप करून साहेबांकडे दिला. वाण क्रमांक चार संपूर्ण रोगमुक्त, तातडीने बाजारात आणावा. नावही सुचवलं. खाकी पँट शिवायला टाकली, सुपरवायझरला लागेल.

२२ जानेवारी
ताप. वाडीत गेलो नाही. चौथीकडे कोण बघत असेल?

२९ जानेवारी
ताप उतरला. तरी गेलो नाही. विश्रांती घेतली पाहिजे.

३ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नवी खाकी पँट घालून गेलो. त्यांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं. चौथा वाण मुद्दाम लावलेला होता. त्याच्यावर हा रोग हमखास पडतो, म्हणूनच. तो आजारी पडला की रोग शेतात पोचला हे कळतं, आणि मगच बाकीच्यांचा कस लागतो. बाकीच्यांवर ठिपके आणि तोच तेवढा स्वच्छ, म्हणजे कोणत्याच मार्कांवर विसंबता येत नाही. अख्खी ट्रायल रद्द.
साहेब म्हणाले, "पानं तोडलीत का?" नाही म्हणालो. मग म्हणालो, गळली. त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. नावाबद्दल काही बोलले नाहीत, ते बरं केलं. सोमवारपासून परत डिस्पॅच.

५ फेब्रुवारी
उद्या वाडी मोकळी करायची. शेवटचे मार्क द्यायला गेलो, कोणी मागितले नव्हते तरी. चौथी ओळ तीन आठवड्यांत ठिपक्यांनी भरून गेलेली. खालची पानं करपून जमिनीला चिकटलेली.
मागून आवाज आला. वळलो. बांध, पलीकडे तिवरं, आणखी काही नाही. मग खाली बसलो आणि पान न् पान बघितलं. घाई केली नाही. मार्क ९. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पहिला ठिपका ११ डिसेंबर. मला दिसला होता.
गाठही दिसली होती. जानेवारीत नाही, त्याच्या आधीच्या श्रावणात. पदर बाजूला करून, मान पुढे करून म्हणाली होती, बघा ना जरा. बोटाला लागली, वाटाण्याएवढी. मी पेपर वाचत होतो. सर्दीची असेल, जाईल, असं म्हणालो. तिने पदर घेतला आणि चहा टाकायला गेली. पुन्हा विचारलं नाही.
संध्याकाळी क्षितिजाला हे सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला, माझं ताट वाढलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दारापर्यंत जाऊन परत आलो. भूक लागली होती. दोन पोळ्या खाल्ल्या.